तेरा वर्षांच्या धडधाकट पोराला उंची वाढवायची इंजेक्शनं द्यायची का?

बावड्याची_आई
नमस्कार सगळ्यांना. मुलगा आठवीत आहे, तेरा नुकती पूर्ण झाली, उंची 141 सेमी. वर्गात पहिल्यापासून पहिल्या बाकावर. बाकी पोरगं एकदम ठणठणीत, शाळेच्या कबड्डीत आहे, संध्याकाळी तालमीत जातो, जेवण दणकून. माझी उंची 150 आणि मिस्टरांची 163. मिस्टरांना स्वतःला पोलिसात जायचं होतं, उंचीत बसले नाहीत आणि ते त्यांच्या मनातनं अजून गेलेलं नाही. आता त्यांना कुणीतरी सांगितलंय की ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं मिळतात, रोज रात्री टोचायची, दोन-तीन वर्षात पोरगं 165 च्या वर जातंय. एका डॉक्टरांकडे जाऊन आलो, त्यांनी तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आले तरी देता येईल, तुमची इच्छा असेल तर.

ते "तुमची इच्छा असेल तर" ऐकल्यापासून मला झोप नाही. आजारी असता तर दागिने मोडून दिली असती इंजेक्शनं, विचारायला इथं आलेच नसते. पण पोराला काही झालेलंच नाही तर आपण नक्की कशावरचं औषध देतोय? दीर म्हणतात वहिनी ट्यूशनला एवढे पैसे घालताय की मग ह्यात काय वेगळं, तेही पोराच्या भविष्यासाठी आणि हेही. मला त्यांना उत्तर देता येईना. खर्चाचं म्हणाल तर उसाचं बिल आलं की कसंतरी बसवू, तो मुद्दा बाजूला ठेवा. पोराला अजून काही विचारलेलं नाही. बरोबर काय आहे तेवढं सांगा.

पंचगंगा_बालरोग
ताई, मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, कोल्हापुरातच असतो. मुलाला न बघता द्या किंवा देऊ नका असं मी सांगणार नाही, पण काही गोष्टी माहीत असल्या तर तुम्हाला विचार करायला सोपं जाईल.

141 ही तेराव्या वर्षी कमी बाजूलाच आहे, पण भारतीय मुलांच्या वाढीच्या तक्त्यात जी सगळ्यात खालची रेष असते तिच्या वरच येते. आईवडिलांवरून अंदाज काढायची साधी रीत अशी, दोघांच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर त्यात 13 मिळवा आणि दोननं भागा. तुमचं येतं 163. त्याच्या आठेक सेमी खाली-वर धरायचं, म्हणजे 155 ला थांबला तरी आणि 171 ला गेला तरी दोन्ही तुमच्या घरचंच आहे. मग डाव्या पंजाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. कॅलेंडरनं तेरा आणि हाडांनी साडेअकरा असेल तर पोरगं उशिरा वाढणाऱ्यातलं आहे, अशी मुलं नववी-दहावीत एकदम सुटतात. वडिलांना विचारा त्यांना मिसरूड कधी फुटलं, हे पुष्कळदा घराण्यात असतं. तिसरं म्हणजे गेल्या वर्षभरात वाढला किती. वयात यायच्या आधी वर्षाला पाचेक सेमी वाढ व्हायला पाहिजे, चारच्या खाली असेल तर थायरॉइड, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सिलिअ‍ॅक, किडनी असं सगळं बघावं लागतं.

आता हार्मोनचं. ज्यांच्या शरीरात ते खरंच कमी आहे, किंवा टर्नर सिंड्रोमच्या (जन्मजात एक गुणसूत्र कमी असलेल्या) मुली, किडनीचा जुना आजार असलेली मुलं, त्यांच्यासाठी हे चांगलं औषध आहे आणि मी स्वतः अशा मुलांना पुढं पाठवतो. काहीही आजार नसलेल्या बुटक्या मुलांसाठी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, 2003 मध्ये परवानगी दिली, पण तीसुद्धा तक्त्याच्या अगदी तळाला असलेल्यांसाठी, शंभरातला जेमतेम एक. तुमचा मुलगा त्यात बसत नाही. आणि जे बसतात त्यांच्यातही वर्षानुवर्षं रोज टोचून शेवटच्या उंचीत पडणारा फरक सरासरी चार-पाच सेमी, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही, आणि कुणाला किती हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे "165 च्या वर जातंय" असं जो कोणी छातीठोक सांगतोय त्याच्यापासून लांब राहा. डोकेदुखी, खुब्याच्या हाडाची कड सरकणं, साखरेवर परिणाम हे कमी मुलांना होतं पण होतं. लांब पल्ल्याचं म्हणाल तर फ्रान्समध्ये 2010 साली एका पाहणीत लहानपणी हे हार्मोन घेतलेल्यांमध्ये पुढं मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं आणि सगळे हादरले, मग युरोपातल्या आठ देशांच्या मोठ्या अभ्यासात बाकी आजार नसलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. म्हणजे भीती बरीच कमी झाली. पण आजारी मुलाच्या बाबतीत थोडा धोका घेणं आणि निरोगी मुलाच्या बाबतीत तेवढाच धोका घेणं हे मला एक वाटत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवत नाही. "मोठा झाला की त्याचं तो ठरवेल" हे इथं चालत नाही, कारण हाडांची वाढीची टोकं मिटली की हे औषध उंचीसाठी निरुपयोगी. म्हणजे न देणं हाही तुम्ही त्याच्यासाठी घेतलेला निर्णयच आहे.

एकशे_साडेचौसष्ट
डॉक्टर साहेबांचा मान राखून बोलतो. माझी उंची 164.5 आहे, पोलीस भरतीला 165 लागते. पहाटे चारला उठून विद्यापीठाच्या रस्त्यानं पळायचो, 1600 मीटर, गोळा, लेखी सगळी तयारी झालेली आणि मैदानावर पहिल्यांदा काय तर मोजपट्टी. पुढचं काही दाखवायची वेळच आली नाही. अर्धा सेमी. आज एमआयडीसीत शिफ्टला जातो, काम चांगलं आहे, पण त्या अर्ध्या सेमीचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. चार-पाच सेमी सरासरी म्हणता तुम्ही, माझ्यासाठी त्याच्या दहाव्या भागात अख्खं आयुष्य बदललं असतं.

आणि निरोगी माणसाला औषध देऊ नये हे कुठल्या शास्त्रात आहे? पोलिओचा डोस आजारी पोराला देतो का आपण? लस ही निरोगी शरीराला जास्त ताकद देणंच आहे. दाताला तारा बसवतात, त्या पोरीला काय आजार असतो? श्रीमंताच्या घरात हे असलं प्रश्न पडतच नाहीत, ते गुपचूप देऊन मोकळे होतात, आणि आपण साधी माणसं नैतिकतेवर चर्चा करत बसतो. ताई, मिस्टरांचं ऐका.

फ्रिजमधलं_पेन
मी एक आई, माझ्या मुलाला खरंच हार्मोनची कमतरता आहे. चार वर्षांचा असताना कळलं, वर्षाला तीन सेमीसुद्धा वाढत नव्हता. औषधानं त्याचं भलं झालं आणि ह्या औषधाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो, हे आधीच सांगते.

पण रोज सुई म्हणजे काय ते घरात आल्याशिवाय कळत नाही. एकदा मांडी, एकदा पोट, जागा बदलत राहायची. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये, लाइट गेली की जीव टांगणीला, लग्नाला, यात्रेला, मामाकडे जाताना बर्फाची पिशवी बरोबर. डोस वजनावर असतो म्हणून पोरगं मोठं होईल तसा खर्चही मोठा होतो, तुमचं तेरा वर्षांचं पोर म्हणजे तर सुरुवातच मोठ्या डोसनं होणार, उसाच्या बिलात बसवायचं तर हे दर महिन्याचं आहे लक्षात घ्या. पण ते सगळं सोसतं. मला जड गेलं ते वेगळंच. तो विचारायचा मलाच का रोज, दादाला का नाही. माझ्याकडे उत्तर होतं, बाळा तुझ्या अंगात एक गोष्ट कमी तयार होते ती आपण बाहेरून भरतोय. खरं होतं म्हणून सांगता आलं. तुमच्या मुलानं विचारलं तर तुम्ही काय सांगणार? तुझ्यात काही कमी नाही पण तरी तू पुरेसा नाहीस? रोज रात्री नऊ वाजता तेच सांगायचं, तेही बोलून नाही तर सुईनं. दात सरळ करायला तारा लावली की मूल आरशात बघून खूश होतं, इथं तर मोजपट्टीखाली उभं राहिलं की दर वेळी आपण निकालाला बसलोय असं वाटतं त्यांना. माझ्या मुलाला तर औषध लागू पडत होतं तरी तो मोजायच्या दिवशी जेवायचा नाही.

लाल_माती
ताई पोरगं तालमीत जातंय म्हणून एक महत्त्वाचं, जे कुणी बोललं नाही. ग्रोथ हार्मोन हे वाडाच्या, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत आहे, स्पर्धेत पण आणि स्पर्धेबाहेर पण, बारा महिने. आजार सिद्ध असेल तर उपचारासाठी सूट मागता येते, कागदपत्रं देऊन. निरोगी पोराला ती सूट मिळायची नाही. म्हणजे उद्या पोरगं कबड्डीत किंवा कुस्तीत खरंच वर गेलं, शालेय राष्ट्रीय, खेलो इंडिया, आणि नमुना घेतला तर चार-चार वर्षांच्या बंदीपर्यंत जाऊ शकतं आणि सुई त्यानं मागितलेली पण नसेल. आपल्याकडं 2022 पासून ह्याचा कायदाच झालाय.

मी तालमीत वाढलेला माणूस, खासबागेत लढलोय. दीर म्हणतात तसं मलाही कुणी विचारतं, मग तुमचा खुराक म्हणजे तरी काय, दूध बदाम तूप थंडाई ही पण शरीर वाढवायचीच सोय की. प्रश्न चांगला आहे, मी ह्यावर लय विचार केलाय. नैसर्गिक म्हणजे चांगलं आणि कारखान्यातलं म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही, नाहीतर ताप आल्यावर गोळी पण घेऊ नये. खुराक पचवायला पोराला मेहनत करावी लागते, जोर बैठका नाही मारल्या तर ते दूध बाधतंय, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय ते कामच करत नाही. आणि नको वाटलं तर उद्या सोडता येतं. हार्मोनला त्याची मर्जी लागत नाही.

आणि एकदा "द्यायला हरकत काय" सुरू झालं की कुठं थांबत नाही हे मी डोळ्यानं बघतोय. ऑपरेशन थिएटरात पेशंटचा बीपी खाली गेला की द्यायचं मेफेंटरमिनचं इंजेक्शन, ते आज जिममध्ये आणि भरतीच्या पोरांमध्ये दम टिकावा म्हणून मारतात. वीस-बावीसची पोरं, छाती धडधडतेय, रात्ररात्र झोप नाही. औषध तेच, थिएटरात जीव वाचवतं आणि मैदानावर जिवावर उठतं. नेमबाजीतलं बघा, आपलं कोल्हापूर नेमबाजांचं गाव, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, पॅरिसला 2024 मध्ये ब्राँझ आणलेला स्वप्निल कुसाळे. हृदयाच्या पेशंटला रोज लागणारी बीटा ब्लॉकरची गोळी नेमबाजाला बंदी आहे, कारण त्यानं हात थरथरायचा थांबतो. गोळीत पाप नाही, कुणी कशासाठी घेतली त्यावर सगळं आहे.

बाकी कुस्तीत उंची बघत नाहीत, वजनगट आहेत. खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे, 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ, बँटमवेट, लोक पॉकेट डायनॅमो म्हणायचे. पुढं पोलिसातच गेले ते. आजचे नियम वेगळे आहेत मान्य, पण मिस्टरांना सांगा.

जीवशास्त्र_शिकवते
साडेचौसष्ट दादांचा लसीचा मुद्दा मला सोडवत नाही, कारण तो मजबूत आहे. आजारी नसलेल्याला आपण लस देतो हे खरंच. पण एक करून बघा. सगळ्या गावानं लस घेतली तर काय होतं? सगळ्यांचाच फायदा, न घेतलेल्याचासुद्धा, रोगच फिरत नाही. आणि सगळ्या गावानं पोरांना पाच सेमी उंच केलं तर? कुणाचाच फायदा नाही. भरतीत जागा तेवढ्याच राहणार, गर्दी वाढली की गाळायला पट्टी वर सरकणार, आणि ज्याच्याकडं पैसे नव्हते त्याचं पोर आज 164 ला आहे ते उद्या अजून खाली वाटणार. उंचीचा फायदा दुसरा बुटका राहिला तरच मिळतो. म्हणून मी लसीला हो म्हणते आणि ह्याला नाही. ट्यूशनचं दिराला उत्तर पण इथंच आहे थोडंसं, ट्यूशनमध्ये पण शर्यत आहेच, ती मलाही पटत नाही, पण तिथं निदान पोराला शिकलेलं गणित तरी उरतं.

दुसरं, शरीर एखाद्या काळाच्या मापात बसवायचा हा प्रयोग आधी झालेला आहे, उलट्या दिशेनं. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत 1950 नंतर उंच होणाऱ्या मुलींना, कसलाही आजार नसताना, इस्ट्रोजेनचे मोठे डोस दिले, हाडं लवकर मिटावीत आणि मुलगी "फार" उंच होऊ नये म्हणून. आयांनीच नेलं डॉक्टरकडे, लेकीचं लग्न होणार नाही ह्या काळजीनं. 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या त्या बायकांवरचा अभ्यास लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात आला, त्यांना पुढं दिवस राहायला जास्त अडचणी आलेल्या दिसल्या. आणि आज उंच मुलगी म्हटलं की लोक कौतुक करतात. माप बदललं, त्या बायकांच्या शरीरातला बदल मात्र तसाच राहिला. त्या आया वाईट नव्हत्या हो, तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

ग्रोथ हार्मोनचंही तेच, 1985 च्या आधी ते मृतांच्या मेंदूतल्या ग्रंथीतून काढायचे. त्यातून मेंदूचा एक जीवघेणा आजार पसरला, एकट्या फ्रान्समध्ये शंभराच्या वर मुलं-तरुण गेले. आताचं औषध प्रयोगशाळेत तयार होतं, त्यात तो धोका नाही, घाबरवायला सांगत नाहीये. पण ज्या मुलांना खरी गरज होती त्यांच्या आईबापांना निदान म्हणता आलं की दुसरा इलाज नव्हता.

एकशे_साडेचौसष्ट
मॅडम तुमचं पटलं निम्मं. पण पट्टी सरकेल वगैरे सगळं गावाचं झालं, मी एका पोराचं बोलतोय. गावाच्या न्यायासाठी माझ्याच पोरानं का बुटकं राहायचं? पहिलं भरतीची पट्टी काढा म्हणा सरकारला. पळणं, गोळा, लेखी ह्यात जो निघाला तो निघाला. सायबर गुन्हा पकडायला 165 सेमी कशाला लागते ते मला कुणीतरी सांगा. जोवर पट्टी आहे तोवर आईबाप सुई शोधणारच, त्यांना दोष देऊ नका.

जीवशास्त्र_शिकवते
पट्टीबद्दल शंभर टक्के सहमत. ह्या विषयावर निवेदन द्यायचं असेल तर मी सही करते आणि शाळेतल्या चार जणींची आणते. नियम बदलायला कागद लागतो आणि आपण पोराचं हाड बदलायला निघालोय हेच मला टोचतं.

भरती_ग्राउंड
थोडी माहिती. पोलीस शिपाई पुरुष 165, एसआरपीएफ म्हणजे राज्य राखीव पोलीस 168, वनरक्षक पुरुष 163. मिस्टरांना वर्दीच पाहिजे असेल तर वनरक्षक पण वर्दीच आहे. आणि तलाठी, ग्रामसेवक वगैरेला उंची कोण विचारत नाही. तेरा वर्षाच्या पोराचं आत्ताच काय ठरवायचं, अजून त्याला हातात बॅट धरायची की काठी ते कळायचंय.

बावड्याची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री मिस्टरांना पूर्ण वाचून दाखवलं. एक्स-रे काढला, हाडांचं वय साडेअकराच्या आसपास आहे म्हणाले, बाकी रक्ताचे रिपोर्ट पण चांगले आलेत. मिस्टरांना मिसरूड अकरावीत फुटलं होतं असं सासूबाईंनी सांगितलं. मग धीर करून पोरालाच विचारलं, सगळं नीट सांगून, सुईचं, खेळाचं, सगळंच. मला वाटलं होतं नको म्हणेल. तो म्हणाला पाहिजे. का विचारलं तर म्हणाला वर्गात टिल्लू म्हणतात, पोलीसबिलीस काय माहीत नाही. मग म्हणाला कबड्डीतनं काढत असतील तर नको. आता ह्याला हो समजायचं का नाही?

एकशे_साडेचौसष्ट
पाहिजे म्हणालाय की ताई. त्याचंच शरीर आहे.

फ्रिजमधलं_पेन
दादा, त्याला उंची हवीय का चिडवणं थांबायला हवंय हे आधी बघूया की. इंजेक्शन सुरू केलं तरी उद्या सकाळी शाळेत तो तेवढाच असणार आहे. टिल्लू म्हणणं थांबवायचं काम वर्गशिक्षकांचं आहे, ताई उद्याच भेटा त्यांना, पोराच्या मागं नाही तर त्याला बरोबर घेऊन. माझ्या मुलाच्या शाळेत बाईंनी एकदा सगळ्या वर्गाला बसवून सांगितलं त्याचा उपयोग औषधापेक्षा लवकर झाला.

पंचगंगा_बालरोग
ताई, विचारलंत हे फार चांगलं केलंत. औषधांच्या प्रयोगात मूल घ्यायचं असेल तर आयसीएमआर ह्या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचे 2017 चे नियम सातव्या वर्षापासून मुलाची स्वतःची तयारी आहे का ते विचारायला लावतात, फक्त आईबापाची सही पुरत नाही. तुमचं काही प्रयोग नाही, पण तेरा वर्षांच्या मुलाचं ऐकायला तेच कारण पुरे आहे. त्याच्या उत्तरात मला दोन गोष्टी दिसतात, चिडवणं नको आणि कबड्डी हवी, आणि हार्मोननं पहिलं लगेच थांबत नाही, दुसऱ्याच्या तर ते आडच येतंय.

हाडं दीड वर्ष मागं आहेत आणि वडीलही उशिरा वाढलेले, म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे. मी तुमच्या जागी असतो तर सहा महिने काही न टोचता नुसतं मोजलं असतं. वाढ मंदावलेली दिसली तर हार्मोनच्या तज्ज्ञांना दाखवायचं, तिथं ती कमतरता शोधायची तपासणी आहे, औषध देऊन ठराविक वेळानं रक्त घेतात, एकदा रक्त काढून ते कळत नाही कारण हे हार्मोन झटक्याझटक्यानं आणि जास्त करून झोपेत सुटतं. तेव्हा आजार निघाला तर मी स्वतः सांगेन की द्या.

मोजायचं कसं तेवढं बघा. तीन महिन्यांतून एकदाच, त्याहून जास्त नको. सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेमीभर कमी भरतो. चपला-मोजे काढून, टाच, पाठ, डोकं भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवून भिंतीवर पेन्सिलीची खूण. दर वेळी तीच भिंत आणि मोजणारा माणूसही तोच, आणि जमलं तर तो माणूस मिस्टर नकोत, तुम्ही मोजा. शाळेच्या आरोग्य तपासणीचं जुनं कार्ड मिळालं तर पहिलीपासूनचे आकडे वहीत उतरवून आणा.